अण्णांच्या चार लेन्सेस: जुन्या काचेसाठी फुलफ्रेम बॉडी कंपन्यांनी द्यावी की नाही?

गोदाकाठ | रविवार, दुपारी १२.१०

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

सेलूत आमचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्न, मुंज, शाळेचे ग्रुप, आणि घरात कुणी गेलं की भिंतीवर लावायचा मोठा फोटो. मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला, आता त्या गाळ्यात कुरिअरवाला बसतो. मागच्या महिन्यात घर रंगवायला काढलं म्हणून अण्णांचं लोखंडी कपाट हलवलं. खालच्या खणात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या चार निकॉर, म्हणजे निकॉनच्या, लेन्सेस निघाल्या. २८ एमएम एफ/२.८, ५० एमएम एफ/१.४, १०५ एमएम एफ/२.५ आणि १३५ एमएम एफ/३.५. सगळ्या एआय (बॉडीला अ‍ॅपर्चर कळवायची निकॉनची जुनी पद्धत), म्हणजे १९७७ नंतरच्या. १०५ च्या फोकस रिंगचं रबर एका जागी गुळगुळीत झालंय, बरोबर अण्णांच्या अंगठ्याएवढं. बुरशी फक्त १३५ मध्ये, तीही कडेला. आपल्या कोरड्या हवेची कृपा, कोकणात असत्या तर आत कापूस पिकला असता.

माझ्याकडे निकॉनचाच डीएसएलआर आहे, म्हणजे आरशावाला डिजिटल कॅमेरा, सुरुवातीच्या किमतीतला. माउंट, म्हणजे लेन्स बसायची खाच, तोच, १९५९ पासून चालत आलेला एफ. लेन्स खट्कन बसते. पण या गटातल्या बॉडीला जुन्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड सोडणारं भोक किती उघडं आहे ते) वाचायची खिट्टीच नसते, म्हणून उजेड मोजणारा मीटर झोपलेला. सगळं अंदाजपंचे. आणि सेन्सर लहान असल्यामुळे २८ ची दिसते ४२ सारखी, ५० ची ७५, आणि १०५ ची जवळपास १५८. म्हणजे अण्णांनी ज्या खोलीत अख्खं कुटुंब बसवून फोटो काढले, त्याच खोलीत मला भिंतीत पाठ घुसवूनही दोन चुलते बाहेर राहतात.

आता प्रश्न. जगभरात लाखो जुन्या लेन्सेस अशा कपाटांत पडून आहेत. सगळ्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मसाठी घडवलेल्या. मग त्याच मापाचा सेन्सर, म्हणजेच फुलफ्रेम, मोठं काचेचं व्ह्यूफाइंडर, मध्ये फोकस जमला की जुळणारं ते दुभंगलेलं वर्तुळ, अ‍ॅपर्चरची खिट्टी आणि चालू मीटर, एवढंच असलेली साधी बॉडी कंपन्या का काढत नाहीत? व्हिडिओ नको, सेकंदाला चाळीस फोटो नकोत. अण्णांच्या हातात दिली तर न शिकवता चालली पाहिजे, एवढीच अट. द्यायला हवी की नको? मला वाटतं हवी.

उदगीरी | रविवार, दुपारी १२.४५

भाऊ, मी लग्नाची कामं करतो. उदगीर, अहमदपूर, देगलूर ह्यो माझा पट्टा. तुमी उगं डोक्याला ताप करून घेऊलालाव. सेकंडहॅन्ड मिररलेस घ्या, बिनआरशाचा, फुलफ्रेम. मधी अ‍ॅडॉप्टरची बांगडी घाला. विषय संपला. २०१३ ला सोनीचा ए७ आला तवाच तुमचा सवाल मिटलाय.

गोदाकाठ | रविवार, दुपारी १.०५

उदगीरीभाऊ, बांगडी लावली की लेन्स बसते हे मान्य. पण अ‍ॅपर्चरचं काय? निकॉनच्या जुन्या एफएम२ फिल्म कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चरची रिंग ८ वर (आकडा मोठा तितकं भोक लहान) ठेवली तरी लेन्स आत पूर्ण उघडी राहायची. फाइंडरमध्ये लख्ख उजेड. बटण दाबलं की त्या क्षणापुरती अ‍ॅपर्चरची पाकळी मिटायची, फोटो व्हायचा, परत उघडायची. साध्या बांगडीत ते काम करणारं कुणी नाही. ८ वर ठेवलं की ८ चंच चित्र दिसणार. सगळंच थोडं थोडं धारदार, मग फोकस नेमका नाकावर आहे की कानावर हे कळणार कसं?

उदगीरी | रविवार, दुपारी १.२०

उघडायचं, फोकस करायचं, बंद करायचं, मारायचं. लोकं असंच करूलालेत. पर मी करत न्हाई. अक्षता पडायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात मी रिंग मोजत बसलो तर नवरीचा मामा मलाच अक्षता मारंल. कामाला आपली नवी लेन्स, डोळा पकडणारी. जुनी लेन्स रविवारची.

बारवप्रेमी | रविवार, दुपारी ३.३०

धागा आवडला. सेलूकर आहात म्हणजे वालूरची बारव तुमच्या हाकेच्या अंतरावर. मी त्या गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्यांसाठीच फुलफ्रेम घेतला. बारवेत मागे सरकायला जागा नसते, मागे सरकलं की पाण्यात. २८ ही २८ सारखीच दिसायला हवी. वेरूळला १६ नंबरच्या लेण्यात, कैलासाच्या बाजूच्या ओवरीतून वर बघतानाही तेच. माणूस कितीही हुशार असला तरी कातळ मागे ढकलता येत नाही.

पण "फिल्म काढली, त्याच मापाचा सेन्सर ठेवला, झालं" हे तितकं सोपं नाही. फिल्मवर प्रकाश तिरका पडला तरी ती कुरकुर करत नाही, पृष्ठभाग सपाट असतो. सेन्सरचा एकेक पिक्सेल म्हणजे छोटी बारव समजा. भर दुपारी ऊन तळाला पोचतं, संध्याकाळी नुसती एका बाजूची भिंत उजळते आणि पाणी काळंच राहतं. फोटोच्या कोपऱ्यातल्या पिक्सेलवर कायम संध्याकाळ असते. जुन्या रेंजफाइंडर (लेन्समागे आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सेसचा पार्श्वभाग फिल्मला जवळजवळ टेकायचा, त्यामुळे किरण फारच आडवे. त्या लेन्सेस साध्या सेन्सरवर लावल्या की कोपरे काळवंडतात, कधी जांभळे होतात.

असे रेंजफाइंडर बनवणाऱ्या लायकाला हे सोडवायला नाकी नऊ आले. २००६ चा एम८ आला तोच लहान सेन्सर घेऊन, १.३३ च्या पटीचा. कोपऱ्यांसाठी सेन्सरवरच्या सूक्ष्म भिंगांची जागा सरकवली, वरची काच पातळ ठेवली. काच पातळ म्हणून अवरक्त किरण आत घुसले आणि काळे कृत्रिम कपडे फोटोत वांगी रंगाचे दिसायला लागले. शेवटी कंपनीने ग्राहकांना फुकट फिल्टर वाटले. पूर्ण मापाचा एम९ यायला २००९ उजाडलं.

तुमच्या निकॉर एसएलआरच्या आहेत. मध्ये आरसा असल्यामुळे मागची काच मुळातच लांब, किरण बरेच सरळ. त्यामुळे तुम्हाला हा त्रास जवळपास नाही. निश्चिंत राहा.

हिशेबनीस | रविवार, संध्याकाळी ६.००

बारवेची उपमा झकास. मी वाळूजला डाय-मोल्डच्या कामात आहे, म्हणून पैशाची बाजू मांडतो, भावनांना धक्का लागल्यास क्षमस्व.

एक. मोठा सेन्सर महाग का? दिवाळीत शंकरपाळे कापता तेव्हा पोळी गोल आणि तुकडे चौकोनी. तुकडा जितका मोठा तितका कडेचा चुरा जास्त. आणि पोळीत एक खडा आला तर लहान तुकड्यांपैकी एकच वाया जातो, मोठ्यांपैकीही एकच, पण तो एक केवढा! फुलफ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, तुमच्या डीएसएलआरचं साधारण ३६६. शिवाय चिपवर नक्षी छापणाऱ्या यंत्राचा नेहमीचा ठसा २६ बाय ३३ मिलिमीटर. ३६ त्यात मावत नाही. मग दोन ठसे शेजारी शेजारी, सांधा दिसणार नाही असे जुळवावे लागतात.

दोन. ती खिट्टी. तुम्हाला वाटतं पत्र्याचा तुकडा आहे. त्या तुकड्याला डाय लागते, स्प्रिंग लागते, प्रत्येक बॉडीवर हाताने जुळवणी लागते. इलेक्ट्रॉनिक संपर्काचे सोनेरी ठिपके स्वस्तात बसतात, पत्रा बसत नाही. म्हणून स्वस्त बॉडीतून पहिल्यांदा पत्रा जातो.

तीन, आणि हेच खरं. बॉडी हा उंबरठा आहे, दुकान लेन्सचं आहे. जो गिऱ्हाईक "माझ्याकडे अण्णांच्या चार लेन्सेस आहेत, मला आणखी काही नको" असं म्हणत दारात येतो, त्याच्यासाठी कोण कारखाना चालवेल?

रानफूल | रविवार, रात्री ८.१५

हिशेबनीस, तिसरा मुद्दा पटला नाही. जुन्या लेन्ससाठी आलेला माणूस कुठे तरी नवीन घेतोच. माझ्या घरातला पुरावा माझे मिस्टर रोज बोलून दाखवतात.

पण माझा आक्षेप धाग्याच्या मुळाशीच आहे. फुलफ्रेमच कशाला? मी अंबाजोगाईला शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी मुकुंदराजांच्या समाधीकडच्या दरीत रानफुलं टिपते, तुरीच्या फुलावरच्या माश्या टिपते. माझी ५५ एमएमची जुनी मायक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपायची, लेन्स लहान सेन्सरवरच छान चालते. जुन्या लेन्सचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे तिच्या कडा, आणि लहान सेन्सर नेमक्या कडाच कापून टाकतो. भाकरीचा करपलेला काठ काढून खाल्ल्यासारखं. कुटुंब मावायलाच हवं असेल तर मिररलेसवर चित्र आक्रसणारी भिंगवाली बांगडी मिळते, ०.७१ पटीची. दीडपट सेन्सरवर ती लावली की हिशेब जवळपास एकाला येतो, वर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड. २०१३ च्या सुमारास पहिल्यांदा आली तेव्हा महाग होती, आता स्वस्तातल्याही आहेत. स्वस्तातलीला कडा मऊ येतात हे खरं.

बारवप्रेमी | रविवार, रात्री ८.४०

ताई, करपलेला काठच काही जणांना आवडतो. :)

डार्करूम | सोमवार, सकाळी ७.२०

नांदेडहून. वय ७१. चाळीस वर्षं स्टुडिओ केला, गोदाकाठ यांच्या वडिलांना बहुधा ओळखतही असेन, परभणीत रोल घ्यायला सगळे एकाच दुकानात यायचे.

तुम्ही सगळे "जुन्या लेन्सेस" असं एकाच दमात म्हणताय. तसं नाही. निकॉनवाले नशीबवान आहेत. खरे अनाथ झाले कॅननच्या जुन्या एफडी माउंटवाले. १९७१ पासून ज्यांनी पैसा ओतला, त्यांना १९८७ मध्ये कंपनीने सांगितलं, आता नवा माउंट, ईएफ. ऑटोफोकससाठी ते गरजेचं होतं म्हणतात, असेलही. पण एफडीची लेन्स फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर बसायची आणि नवी बॉडी ४४ ची. ढिल्या चपलेत पुठ्ठा घालता येतो, तंग चपलेसाठी पाय कापता येत नाही. दोन मिलिमीटरसाठी लोकांनी भरलेल्या बॅगा कवडीमोल विकल्या. त्यात मीही होतो. २००२ मध्ये त्याच कंपनीने ११ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम काढला, आमच्यासाठी नाही. कॉन्टॅक्सचंही तेच. त्यांचाही फुलफ्रेम डिजिटल २००२ चाच, ६ मेगापिक्सेलचा, पण नव्या माउंटचा. जुन्या झाइस लेन्सवाले नुसते बघत राहिले. २००५ मध्ये कॉन्टॅक्स बनवणाऱ्या क्योसेराने तो धंदाच गुंडाळला.

तेव्हा आम्ही एका चमत्काराची वाट बघत होतो. फिल्मच्या डबीच्या आकाराचं यंत्र, जुन्या कॅमेऱ्यात रोलसारखं घालायचं की तो डिजिटल. १९९८ पासून त्याच्या बातम्या यायच्या. सेन्सर लहानसा, १.३ मेगापिक्सेल, पण आशा केवढी! २००१ मध्ये ती कंपनी बसली. यंत्र बाजारात आलंच नाही.

आता मुद्द्याचं. गोदाकाठ, तुम्ही जे मागताय ते निकॉनने केलेलं आहे. डी७००, २००८ चा, १२ मेगापिक्सेल. डी७५०, डी८५०. सगळे फुलफ्रेम, सगळ्यांना एआयची खिट्टी. मेनूत जाऊन लेन्सचं माप आणि मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर भरा, मीटर चालू, पाकळी आपोआप मिटणार. जुना डी७०० आज तुमच्या बजेटमध्ये येईल. आणि २०१३ चा डीएफ तर खास याच हौसेसाठी. त्याची खिट्टी दुमडते, म्हणून १९७७ च्या आधीच्या लेन्सेसही न मोडता बसतात. व्हिडिओ नाही. तुम्ही लिहिलंय तसाच.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ९.००

काका, सेलूच्या स्टुडिओवाल्यांना ओळखत असाल तर अण्णांना सांगतो, खूश होतील. डीएफबद्दल वाचलं होतं. पण त्यात ते दुभंगलेलं वर्तुळ नाही ना?

डार्करूम | सोमवार, सकाळी ९.४०

नाही. स्क्रीन आपल्या हाताने बदलायची सोयही ठेवली नाही. तिथेच घोडं पेंड खातं. आता सगळे ज्याला मोठं उजळ व्ह्यूफाइंडर म्हणतात ना, ते उजळ कशामुळे? ऑटोफोकसवाल्या मंद, म्हणजे कमी उजेड सोडणाऱ्या, झूम लेन्सवरही अंधार दिसू नये म्हणून त्या काचेची बनावटच वेगळी केली. तिच्यावर एफ/१.४ लावा नाहीतर एफ/२.८ लावा, डोळ्याला अंदाजे २.८ चंच चित्र दिसतं. म्हणजे ५० एमएम एफ/१.४ लावून तुम्ही "झकास, फोकस झाला" म्हणणार आणि घरी येऊन बघितलं तर धार कानाच्या पाळीवर. आमच्या एफएम२ ची काच खरखरीत होती, काळपट होती, पण खोटं बोलत नव्हती.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी १.१०

म्हणजे कंपनीने कॅमेरा जुना दिसेल असा केला, पण जुन्यासारखा बघेल असा केला नाही. हे आमच्याकडेही होतं. गिऱ्हाईक म्हणतो बुलेटचा आवाज पाहिजे, किक पाहिजे असं कुणी म्हणत नाही.

पेंटॅक्सचं उदाहरण राहिलं. १९७५ चा के माउंट त्यांनी सोडला नाही, आणि २०१६ मध्ये के-१ काढला, फुलफ्रेम, ३६ मेगापिक्सेल. आत सेन्सर हलवून हाताचा थरकाप रोखणारी यंत्रणा, म्हणजे चाळीस वर्षं जुनी लेन्सही स्थिर. स्क्रूच्या एम४२ लेन्सेसनाही एक पातळ चकती पुरते, कारण दोघांचं लेन्स ते फिल्मचं अंतर तेच, ४५.४६ मिलिमीटर. २०१८ मध्ये जुना के-१ पाठवा, आतला बोर्ड बदलून मार्क टू करून घ्या, अशीही सोय केली. इतकी माया! पण अ‍ॅपर्चर रिंग वाचणारी पत्र्याची खिट्टी? ती त्यांनीही लावली नाही. अगदी जुन्या लेन्सला हिरवं बटण दाबा, ते क्षणभर पाकळी मिटवून मीटर बघणार. ज्यांना जुन्या गिऱ्हाइकाची सगळ्यात जास्त कदर, तेही पत्र्यापाशी थांबले. यातून काय ते समजा.

मीटरबंद | सोमवार, दुपारी २.००

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली.

अवांतर: लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवू नका. कोणीतरी सांगितलं म्हणून मी ठेवली, आता फोकस रिंग फिरवली की इडलीचं पीठ दळल्यासारखा आवाज येतो. दुरुस्तीला दिली तर पठ्ठ्याने पुढची काच उलटी बसवून दिली. मोठं शहर, मोठी पाटी. नाव सांगत नाही.

रानफूल | सोमवार, दुपारी ४.३०

मीटरबंद, वाईट वाटलं पण हसूही आलं.

लेन्स जपायचं निघालंच आहे तर: आपल्याकडे बुरशीपेक्षा उन्हाळा वाईट. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत लेन्स ठेवली की ग्रीस पातळ होऊन पाकळ्यांवर पसरतं. मग पाकळ्या चिकटतात, उशिरा मिटतात. गोदाकाठ, घेण्याआधी हे तपासा: लेन्स उलटी धरा, मागची लहान दांडी बोटाने दाबून सोडा, पाकळी टचकन मिटते का बघा. रेंगाळली तर आत तेल आहे.

आणि उन्हाचा एक फायदाही सांगते. काही जुन्या लेन्सेसच्या काचेत थोरियम (एक किरणोत्सारी धातू) असायचं. माझ्या भावाकडे ५० एमएमची सुपर ताकुमार होती, चहासारखी पिवळी झालेली. गच्चीवर फॉइलवर ठेवून अंबाजोगाईचं ऊन दाखवलं, रोज काढून घेत. काही आठवड्यांत काच उजळली. अतिनील किरणांनी तो पिवळेपणा जातो. फक्त गवताजवळ ठेवू नका, भिंगच आहे ते, वाळलेली कडब्याची गंज पेटेल.

उदगीरी | सोमवार, रात्री १०.३०

समदं वाचलं. लै शिकाय मिळालं, खोटं न्हाई. पर एक इचारतो गोदाकाठभाऊ. ही बॉडी कुणाला पायजे? अण्णांला का तुमाला?

मी गुरुवारी परभणीत हाय, लग्न हाय. सोनीचा ए७ मार्क टू माझ्याजवळ पडून हाय, आता कामाला वापरत न्हाई. निकॉनची बांगडी बी हाय. शुक्रवारी सकाळी सेलूला येतो, अण्णाच्या हातात देऊन बगू. चहा पाजा.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.५०

या की! चहाच काय, जेवूनच जा. डार्करूम काका, तुम्हीही या.

डार्करूम | मंगळवार, सकाळी ६.५०

गुडघे नको म्हणतात. पण नांदेडच्या एका मुलाकडे डी७०० आहे, विकायचाच आहे. शुक्रवारी त्याला सेलूमार्गे पाठवतो. दोन्ही समोर ठेवून बघा. अण्णांना म्हणावं, परभणीच्या दुकानात तुमचा फ्लॅश उधार नेणारा मीच तो.

बारवप्रेमी | शनिवार, सकाळी ११.१५

काय झालं? कुणी काही बोलेना. अण्णांनी दोघांना हाकललं का?

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९.३०

उशीर झाला, माफ करा. सविस्तर लिहितो.

उदगीरीभाऊ दहाला आले, नांदेडचा मुलगा अकराला. अण्णा ओसरीवर. वय ७८, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. आधी डी७०० दिला, १०५ लावून. माझ्या मनात होतं की आता बघा, आरसा आहे, काच आहे, खट्क आवाज आहे, अण्णा विरघळणार. त्यांनी डोळ्याला लावला, रिंग फिरवली, पुढे, मागे, परत पुढे. माझ्या मुलीला समोर बसवलं होतं. सात-आठ फोटो काढले. म्हणाले, "जड आहे. आणि कळत नाही." मोठे करून बघितले तर दोनच बरोबर होते, बाकीच्यात कुठे वेणी धारदार, कुठे मागची कुंडी. फोकस जमला की फाइंडरमध्ये पेटणारा तो हिरवा ठिपका त्यांना दाखवला. म्हणाले, ठिपका बघू का पोरीचा डोळा बघू?

मग सोनी. आधी त्यांनी नाक मुरडलं, "ह्यात टीव्ही दिसतोय." बांगडीच्या २८.५ मिलिमीटरच्या त्या नळकांड्याकडे बघून म्हणाले, ही काय भानगड, वर कशाला चढवलंय हे. उदगीरीभाऊंनी एक बटण दाबून चित्र मोठं केलं. अण्णा एकदम गप्प. मुलीची पापणी फाइंडरभर. रिंगवर अंगठा ठेवला, त्या गुळगुळीत झालेल्या जागी, आणि एकेक केस वेगळा दिसेपर्यंत सावकाश फिरवत राहिले. मग डोळा न काढता म्हणाले, "हे आधी का नाही दिलं रे आम्हाला? निम्मे रोल वाचले असते."

आता मी ज्या खिट्टीसाठी इतकं भांडलो तिचं काय झालं ते ऐका. उदगीरीभाऊ सांगायला गेले की अण्णा, आता अ‍ॅपर्चर बंद करा, रिंगवर ८ बघून लावा. अण्णांनी बघितलंच नाही. कॅमेरा डोळ्यालाच, डाव्या हाताचं बोट रिंगवर: टक, टक, टक. "अडीच, चार, साडेपाच, आठ. तीन टिचक्या. त्यात बघायचं काय?" आणि दाबलं. पंधरा फोटोंत एक चुकला, तोही मुलगी हलली म्हणून.

म्हणजे दुभंगलेलं वर्तुळ, काचेचं फाइंडर, खट्क आवाज, हे सगळं मला हवं होतं. त्यांना मुलीची पापणी दिसायला हवी होती. उदगीरीभाऊंचा प्रश्न बरोबर निघाला, मान्य.

मूळ मागणी मी सोडत नाही, फक्त बदलतो. आता खिट्टी नको, आरसा नको. पण पूर्ण मापाचा सेन्सर असलेली, व्हिडिओचा बोजा नसलेली, हाताने फोकस करणाऱ्यासाठी फाइंडर चांगलं ठेवलेली स्वस्त बॉडी हवी. निकॉनचा २०२३ चा झेडएफ बघितला, दिसतो १९८२ च्या एफएम२ सारखा, हाताने फोकस करतानाही चेहरा ओळखून तिथेच चित्र मोठं करता येतं म्हणे. पण किंमत बघून कपाट परत लावून टाकावंसं वाटलं.

हिशेबनीस | शनिवार, रात्री १०.०५

स्वस्त + फुलफ्रेम + लेन्स न घेणारं गिऱ्हाईक. शंकरपाळे आठवा. पाच वर्षांपूर्वीचा मॉडेल जुना घ्या, तीच तुमची स्वस्त बॉडी. कंपनी ती वेगळी काढणार नाही, आधीच काढून बसली आहे.

डार्करूम | रविवार, सकाळी ६.३०

"निम्मे रोल वाचले असते." हे वाक्य मी आमच्या घरी तीन वेळा वाचून दाखवलं. त्या उधारीच्या फ्लॅशचं अण्णा काही बोलले का?

गोदाकाठ | रविवार, सकाळी ८.१५

बोलले. फ्लॅश परत आला, सेल काढून घेतले होते, असं म्हणाले.

उदगीरी | रविवार, सकाळी ९.००

😂 डार्करूम काका, आता सेल द्या.

गोदाकाठभाऊ, ए७ तुमच्याकडंच ठिवलाय, घाई न्हाई, पैसं सवडीनं. पर ती १३५, बुरशीवाली, तुमाला लागत नसंल तर मला सांगा. साफ करून घेतो. रविवारी लागंल.